फेब्रुवारी सरत नाही तेव्हा: मॉन्ट्रियलचा हिवाळा आणि फ्रेंच गाणी

उत्तरवारा

मॉन्ट्रियलचा हिवाळा डिसेंबरात जड जात नाही. तेव्हा बर्फाचं अप्रूप असतं, नाताळची रोषणाई असते, घरी व्हिडिओ कॉल लावून खिडकीबाहेरचं दाखवायची हौस असते. जानेवारीत पारा उणे वीस-पंचवीसला गेला तरी आपण तयारीत असतो. खरा कस लागतो तो फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिल अर्धा होईपर्यंत. तिकडे कैऱ्या बाजारात आलेल्या असतात, होळी होऊन जाते, पाडव्याचं श्रीखंड कुणाकडे करायचं यावर फोन सुरू होतात आणि इथे हवामानखातं पुन्हा वीस सेंटिमीटरचा इशारा देतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करायची, की संध्याकाळी उजेड रेंगाळायला लागतो. पायाखाली मात्र तोच बर्फ.

तो बर्फही पांढरा राहिलेला नसतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ढिगात मार्चमध्ये थर सरळ दिसतात. तळाशी डिसेंबरचा, दगड झालेला, निळसर. त्यावर मध्येच पडलेल्या पावसाची चकचकीत पापडी. मग पालिकेनं टाकलेली खडी आणि मीठ, त्यात रुतलेला कुणाचा तरी एक लाल हातमोजा, आणि सगळ्यात वर काल रात्रीचा कोरा थर. रात्री बर्फ उचलणाऱ्या गाड्या येण्याआधी भोंगा होतो. रस्त्याकडेला गाडी लावली असेल तर तेव्हा ती काढायची, नाहीतर उचलून नेतात. मग ते अजस्र यंत्र बर्फ गिळत येतं आणि शेजारून संथ चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकत जातं. वर्षाला दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो या शहरात. त्यातला बराचसा सां-मिशेल भागातल्या फ्रांकाँ खाणीत नेऊन ओततात. तिथला डोंगर उन्हाळ्यातही पुरता वितळलेला नसतो.

आता मुद्द्यावर येते. माझं ऑफिस इंग्रजीत, घर मराठीत. फ्रेंच म्हणजे दुकानातल्या पाट्या आणि सरकारी पत्रं, एवढाच संबंध होता. मग संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग लावला आणि तिथल्या बाईंनी एका फेब्रुवारीत जिल विन्यो या इथल्या, म्हणजे क्वेबेक प्रांतातल्या, कवी-गायकाचं 'मों पेई' हे गाणं लावलं. हे १९६४ मध्ये लिहिलं गेलं, आर्तुर लामोतच्या एका चित्रपटासाठी. पुढच्याच वर्षी मोनिक लेराक या गायिकेनं ते पोलंडमधल्या सोपोतच्या महोत्सवात गाऊन पहिलं बक्षीस मिळवलं. क्वेबेकमध्ये ते न ऐकलेला माणूस सापडणं कठीण.

त्याची पहिलीच ओळ सांगते की माझा देश म्हणजे देश नव्हे, हिवाळा आहे. हे इथे सगळ्यांना पाठ असतं. मला धरून ठेवलं ते पुढच्या कडव्यांनी. कवी म्हणतो, या वाऱ्या-बर्फाच्या मुलखात माझ्या बापानं घर बांधलं. मीही त्याच्याच रीतीनं राहीन. आणि पाहुण्यांची खोली अशी करीन, की दुसऱ्या ऋतूंतली माणसं येऊन तिच्या शेजारी आपली घरं बांधतील. पुढे तर तो पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांना सांगतो की माझं घर ते तुमचं घर.

दुसऱ्या ऋतूंतून आलेली माणसं म्हणजे आपणच की. मी पुण्याची, मला तीन ऋतू माहीत, आणि त्यातल्या एकाला आपण कौतुकानं थंडी म्हणतो. नाताश्कानमध्ये १९२८ साली जन्मलेल्या या माणसानं माझ्यासाठी खोली काढून ठेवली होती आणि मी इतकी वर्षं दाराबाहेर मीठ टाकत बसले होते. नाताश्कान सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठावर, पार टोकाला आहे. गावापर्यंत रस्ता पोचला तोच मुळी १९९६ मध्ये. तिथला माणूस हिवाळा केवढा ओळखत असेल याचा विचार करा.

तेव्हापासून मी इथली गाणी लावून ऐकते आणि मला ठामपणे वाटतं की हा लांबलेला हिवाळा काढायचा तर त्याच हिवाळ्यात रचलेल्या गाण्यांच्या सोबतीनं काढावा. ही गाणी थंडीबद्दल कुरकुरत नाहीत, तिला नटवतही नाहीत. झाँ-पिएर फेर्लांचं 'ज रव्यें शे नू' ऐका, १९६८ चं. पोर्त-ओ-प्रँससारख्या उष्ण गावात बर्फ पडलाय म्हणे, आल्प्समधल्या शामोनीत पाऊस पडतोय, जगाचं सगळं उलटंपालटं झालंय, आणि हा माणूस फक्त सांगतो की चुलीत जाळ कर, मी घरी येतोय. फेर्लां एप्रिल २०२४ मध्ये गेले तेव्हा दिवसभर रेडिओवर हेच चाललं होतं.

तुम्ही काय ऐकता? मॉन्ट्रियलवाले, फ्रान्स-बेल्जियमवाले, पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकलेले, सगळ्यांनी लिहा.

सोनचाफा

उत्तरवारा, अगदी मनातलं. आम्ही लावालला. इथे आपल्या मुलांना कायद्यानं फ्रेंच शाळेतच घालावं लागतं, १९७७ चा कायदा आहे. त्यामुळे आमच्या घरी फ्रेंच गाणी आली ती लेकीच्या दप्तरातून.

तिच्या वर्गात वाढदिवसाला 'हॅपी बर्थडे' नाही म्हणत. विन्योचंच 'जाँ दु पेई' म्हणतात, त्यात 'देशवासीयांनो'च्या जागी मुलाचं नाव घालून. अर्थ असा की आता तुझी पाळी, तुझ्याशी प्रेमानं बोललेलं ऐकून घ्यायची. हे गाणं त्यांनी २४ जून १९७५ ला माँ-रोयाल टेकडीवर पहिल्यांदा म्हटलं आणि ते घराघरांत वाढदिवसाला जाऊन बसलं. लेकीच्या मागच्या वाढदिवसाला (तो येतो मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर वादळ) सासूबाईंनी आधी औक्षण केलं आणि मग तिच्या मैत्रिणींनी हे सुरू केलं. सासूबाईंना शब्द कळत नव्हते, पण ताटातलं निरांजन हातात धरून त्या गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, पुन्हा म्हणा गं. पोरींनी पुन्हा म्हटलं.

मारवा

लेख छान आहे, पण मला पटलं नाही. मी टोरोंटोत राहतो, हिवाळा आम्हालाही आहे. मार्चच्या संध्याकाळी मला भीमसेन लागतात, किशोरीताई लागतात. गाणं म्हणजे शब्द आणि त्यामागचं आयुष्य. ज्या भाषेत मी कधी रडलो नाही, भांडलो नाही, त्या भाषेतलं गाणं माझ्या कानापर्यंत येतं, पुढे जात नाही. परक्या मुलखात आपलं ते आपल्यापाशी ठेवावं.

उत्तरवारा

मारवा, आपलं सोडा असं मी म्हणतच नाहीये. रविवारी सकाळी आमच्याकडेही अभंगच लागतात. पण शब्दांचं म्हणाल तर ते मिळवता येतात. मी गाण्याचे शब्द छापून घेतले, बाईंना विचारून अर्थ लिहिले, आणि मग ऐकलं. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना कागद लागेनासा झाला.

आणि आणखी एक. चहूबाजूंनी इंग्रजी असताना ही माणसं आपली भाषा गाण्यातून धरून आहेत. इथल्या फ्रेंच रेडिओ केंद्रांना लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के गाणी फ्रेंच लावावीच लागतात, तसा केंद्र सरकारच्या प्रसारण आयोगाचा नियम आहे. त्यामुळे नवीन मुलांना फ्रेंचमध्ये गाणं लिहून रेडिओवर यायला वाट राहते. मराठीवर जीव असलेल्या माणसाला हे जवळचं वाटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टाळकरी

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा. मी भजनी मंडळात वाढलो, त्यामुळे मला एकट्यानं हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, चार माणसं गाताना पाहिजेत. ती मला इथे मार्चमध्ये मिळाली, कबान आ स्युक्रमध्ये, म्हणजे मेपलचा पाक करतात त्या बनातल्या जागी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेपलच्या बनात झाडांना भोक पाडून रस काढतात आणि तिथेच मोठ्या कढयांत आटवून पाक करतात. रस वाहायला रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर ऊब लागते. म्हणजे ज्या हवेला आपण कंटाळलेले असतो, नेमकी तीच हवा हवी. साधारण चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक निघतो. जगातला जवळपास ७० टक्के पाक एकट्या क्वेबेकचा. लांब बाकांवर बसून वाटाण्याचं सूप, ऑम्लेट, बटाटे, सगळ्यावर पाक ओतून जेवायचं (शाकाहारी मंडळींनी आधी फोन करावा, बीन्समध्येही डुकराचं मांस असतं), आणि शेवटी स्वच्छ बर्फावर गरम पाक ओतून काडीवर गुंडाळून खायचा.

आणि कोपऱ्यात गाणं चालू. फिडल वाजवणारा खुर्चीवर बसलेला. त्याच्या पायाखाली लाकडी फळी आणि दोन्ही पायांच्या टाचा-चवड्यांचा ठेका अखंड चालू. वर हात वेगळं वाजवतायत, खाली पाय वेगळं. शेजारचा लाकडी चमच्यांची जोडी मांडीवर आपटून ताल धरतो. मग एकानं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, अशी गाणी. बुवांनी अभंगाचं चरण टाकावं आणि टाळकऱ्यांनी धरावं, तंतोतंत तसं. मला शब्द निम्मे कळले नव्हते, पण कुठे उचलायचं ते कळलं.

घरी ऐकायचं तर ला बोतीन सुरियाँत (१९७६ पासूनचा, जोलिएतचा) आणि ल व्हाँ दु नॉर हे दोन गट घ्या. आणि मुळाशी जायचं असेल तर ला बोल्द्युक. गास्पेसीतल्या न्यूपोर्टची, १८९४ चा जन्म. घर चालवायला म्हणून गायला लागली आणि मंदीच्या काळात तिच्या तबकड्या घरोघरी गेल्या. जिभेनं फिडलसारखी तान घेते, तिला इथे त्युर्ल्युत म्हणतात. १९३० मध्ये तिनं बेकारांसाठी एक गाणं केलं, त्याचा सांगावा इतकाच की चांगले दिवस येतील, धीर सोडू नका. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी तेच लावतो.

शेल्डेकाठी

ब्रसेल्सहून. आमच्याकडे बर्फ जेमतेम, हिवाळा म्हणजे करडं आभाळ आणि पाऊस, ऑक्टोबर ते एप्रिल. दुपारी दिवे लावावे लागतात. तुमचं उणे वीस कोरडं ऊन मला हवंहवंसं वाटतं.

इथे या हवेचं गाणं म्हणजे आमच्या बेल्जियमच्या गायकाचं, जाक ब्रेलचं 'ल प्ला पेई', १९६२ चं. सपाट देश, एवढाच विषय. चार कडवी, प्रत्येकात एक वारा. पूर्वेचा टिकून राहतो, पश्चिमेचा हट्ट धरतो, उत्तरेच्या वाऱ्यात सगळं कडकडतं. तिसऱ्या कडव्यात आभाळ इतकं खाली उतरलंय की एक कालवा त्यात हरवून गेला. बेल्जियमचा जानेवारी ज्यानं पाहिलाय त्याला यातली एक मात्राही जास्त वाटणार नाही. आणि मग चौथ्यात वारा दक्षिणेचा होतो, मैदान जुलैत वाफाळतं, आणि तो सांगतो, ऐका, आता गातोय. सूर फारसा बदललेला नसतो, आवाज मात्र उजळतो. ब्रेलचं हे कसब मला अजून पुरतं कळलेलं नाही. दर वर्षी मार्चमध्ये ऐकतो आणि चौथ्या कडव्याला पाठ ताठ होते.

दुसरं आदामोचं 'तोंब ला नेज', १९६३. सिसिलीत जन्मलेला, बेल्जियममधल्या खाणकामगाराचा मुलगा. बर्फ पडतोय आणि ती आज येणार नाही, बस. जपानपर्यंत गेलं हे गाणं, त्यानं स्वतः जपानीत म्हटलं. सोपी फ्रेंच आहे, नवशिक्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

कोकणकडा

पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते. आपल्याकडे अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ. व्याकरण पक्कं असतं, पण क्वेबेकचं गाणं लावलं की तोंड उघडं. तिथल्या उच्चारांसाठी मराठी मुलांना एक मोठी सोय आहे, ती आवर्जून सांगते. क्वेबेकमध्ये इ आणि उ-सारख्या स्वरांच्या आधी त आणि द जरा घासून येतात. पॅरिसवाला 'त्यु' म्हणेल तिथे क्वेबेकचा माणूस 'त्स्यु' म्हणतो, 'दीर'चं 'द्झीर' करतो. हे आपल्या 'चांगला'मधलं च आणि 'जवळ'मधलं ज. हिंदी बोलणाऱ्या मुलांना ते शिकवावं लागतं, आपल्याकडे घरातच आहे. 'चांगला' म्हणून मग 'त्स्यु' म्हणा, जीभ आपोआप जागेवर जाते.

स्पष्ट उच्चारांसाठी फेर्लां उत्तम. आजच्यांपैकी मॉन्ट्रियलची कर द पिरात, तिचा २००८ चा पहिला अल्बम. पियानो आणि आवाज, फार गडबड नाही. आणि पॅट्रिक वॉटसन. एरवी इंग्रजीत गातो, पण २०१० मध्ये त्यानं केलेलं 'ज त लेसरे दे मो' हे छोटंसं फ्रेंच गाणं स्पॉटिफायवर अब्जाच्या वर वेळा ऐकलं गेलंय. माझे विद्यार्थी ते मला ऐकवतात, मी त्यांना त्याचं क्रियापद विचारते.

निवडुंग

थोडं वेगळं, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. मी डॉक्टर आहे. हिवाळ्यात कंटाळा येणं वेगळं आणि आजार वेगळा. दर वर्षी याच महिन्यांत झोप वाढणं, गोड-पिठूळ खायची ओढ, कशातच मन न लागणं, माणसं टाळणं, हे आठवडेच्या आठवडे टिकलं तर तो ऋतुमानाशी जोडलेला नैराश्याचा आजार असू शकतो. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. त्यावर उपचार आहेत. १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवणं हा त्यातला एक, पण डोळ्यांचे विकार किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्वेबेकमध्ये ८११ वर फोन करून समाजसेवकाशी बोलता येतं, दिवसरात्र.

गाण्यांबद्दल एकच सांगेन. ले कोलोकचं 'दओर नोव्हाँब्र' (१९९८) इथे कुणीतरी सुचवेलच, कारण ते थोर आहे. बँडमधला हार्मोनिका वाजवणारा मित्र एड्सनं गेला, त्याच्या शेवटच्या दिवसांवरचं आहे, आणि ते लिहिणारा देदे फोर्तँही २००० च्या मे महिन्यात आपल्या हातानं गेला. मन खचलेलं असताना रात्री एकट्यानं ऐकू नका. त्याच अल्बममधलं 'तासे-व्हू द द्ला' ऐका. सेनेगलचे दियूफ बंधू त्यात वोलोफ भाषेत गातात आणि नाचल्याशिवाय राहवत नाही.

भेंडीबाजार

सेलीन दिओनचं नाव अजून कसं नाही? १९९५ चा तिचा फ्रेंच अल्बम, झाँ-झाक गोल्दमाननं लिहिलेला, आजवरचा सगळ्यात जास्त खपलेला फ्रेंच अल्बम आहे. इंग्रजीत ती ताकद लावून गाते, इथे ती बोलल्यासारखी गाते. फरक ऐकाच.

पाणकावळा

सेत-ईलला खाणीच्या कामावर होतो, म्हणून हे. विन्योचं गाव नाताश्कान, आणि त्याला लागूनच इन्नू लोकांची वस्ती आहे, फ्रेंच जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून तो हिवाळा त्यांचा. त्यांची गाणी न ऐकता हिवाळ्याचा धागा पुरा होणार नाही. काश्तँ म्हणून जोडी होती, फ्लोराँ वोलाँ आणि क्लोद मॅकेन्झी, सेत-ईलजवळच्या मालिओतेनामचे. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम पूर्ण इन्नू भाषेत आहे आणि तो फ्रेंच क्वेबेकनं डोक्यावर घेतला. ही भाषा बोलणारे काही हजार लोक. तिकडे फेब्रुवारीत समुद्राच्या कडेला बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासून आवाज करतात. मी तो आवाज आणि वोलाँचा आवाज एकाच महिन्यात पहिल्यांदा ऐकला, त्यामुळे ते आता वेगळे काढता येत नाहीत.

जानेवारीचा_पाहुणा

ताई, मी मास्टर्ससाठी जानेवारीत आलोय, लॅब आणि खोली एवढंच चाललंय. सगळा धागा एका बैठकीत वाचला. लॅबमधली मुलं शुक्रवारी ले काउबॉय फ्रँगाँ लावतात आणि 'लेझेत्वाल फिलाँत' आलं की सगळी गप्प होऊन एकदम गातात. विचारलं तर एकजण म्हणाला की गायक गेला आमचा, आणि पुढे बोललाच नाही. काय आहे ते? आणि मी सुरुवात कुठून करू? खर्च फार करता येणार नाही.

उत्तरवारा

ये रे. आधी निवडुंगांनी लिहिलेलं नीट वाच आणि दुपारी ऊन असेल तेव्हा बाहेर पडत जा, पंधरा मिनिटं का होईना.

काउबॉय फ्रँगाँचा गायक कार्ल त्राम्ब्ले नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्करोगानं गेला, ४७ वर्षांचा होता. इथल्या सरकारनं त्याला राष्ट्रीय मानवंदना दिली, बेल सेंटरमध्ये, म्हणजे जिथे हॉकी होते तिथे. हजारो माणसांनी मिळून त्याची गाणी म्हटली. तुझ्या लॅबमधल्या मुलांची शाळा-कॉलेजची सगळी वर्षं त्या गाण्यांत आहेत. तू म्हणतोस ते गाणं २००४ चं, तारुण्य कसं हातातून गेलं यावरचं. पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडून शब्द मागून घे. त्यांना आवडेल, आणि तुला लॅबमध्ये बोलायला विषय होईल.

सुरुवातीला बो दोमाज या बँडचा १९७४ चा पहिला अल्बम घे. त्यात अलास्कातल्या सीलचं गाणं आहे. त्याची मैत्रीण अमेरिकेत सर्कशीत कामाला गेली आणि हा बर्फावर बसून झुरतोय. घरापासून लांब पोटापाण्याला जाणं योग्य की नाही, हा आपलाच प्रश्न तो सील विचारतो. मला ते ऐकताना माझ्या बाबांचा चेहरा दिसतो, विमानतळावरचा. मग फेलिक्स लक्लेर हा इथलाच गायक. त्याला आधी पॅरिसनं उचललं, १९५० मध्ये, आणि नंतर घरच्यांनी. त्याचं 'इम्न ओ प्रँताँ' हे वसंताचं स्तोत्र आहे आणि त्याच्या शेवटी कोकिळा वगैरे नाही, बेडूक गातात, स्वातंत्र्याचं गाणं. इथे वसंत खरंच तसाच येतो, आधी चिखल, मग बेडूक, फुलं फार उशिरा.

पैशांचं म्हणशील तर बेरी-युकाम मेट्रो स्टेशनातूनच आत शिरता येतं अशी ग्रांद बिब्लियोतेक ही मोठी सार्वजनिक लायब्ररी आहे. क्वेबेकमध्ये राहणाऱ्याला कार्ड फुकट. पत्त्याचा पुरावा आणि ओळखपत्र घेऊन जा. संगीताच्या विभागात सीडी घरी नेता येतात, तिथेच बसून ऐकायचीही सोय आहे, आणि आत छान ऊब असते. शनिवारी आम्ही दोघं असतोच तिकडे.

टाळकरी, यंदा कबानला कधी जाताय? शाकाहारी पानं मिळणारी जागा तुम्हाला माहीत असेल तर या मुलालाही गाडीत घेऊ. माझ्याकडे मागे एक जागा आहे.

टाळकरी

एप्रिलचा पहिला शनिवार धरलाय, रिगोच्या बाजूला. शाकाहारी पानांचं आधी बोलून ठेवतो. पाहुण्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आणि बूट जलरोधक घाल, तिथे घोट्यापर्यंत चिखल असतो.

जानेवारीचा_पाहुणा

व्यनि केलाय. मी तबला वाजवतो थोडा. चमच्यांवर हात बसेल का?

टाळकरी

बसेल की. आमच्याकडे लाकडी जोडी जास्तीची आहे, आणतो.